चुरींच्या घरातली देवळी

गुढीपाडवा, २ एप्रिल २००३

आज गुढीबरोबर पाटीही लावली. गुढी खिडकीत, पाटी दाराबाहेर. "गुणवंत शेट्ये. घरांचे आराखडे, बांधकाम व फेरबदल." पेंटरला 'फेरबदल'च्या जागी 'रिनोव्हेशन' हवं होतं, हे नको म्हणाले. शेजारच्या शहाबेनना मराठी वाचता येत नाही, त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "वाह, गुणवंतभाई तो सेठ बन गये." हे लाजून आत गेले. पाटीला हळदकुंकू मग मीच लावलं.

फोर्टच्या ऑफिसात हे अठरा वर्षं नकाशे काढत होते. मोठे साहेब गेले, मुलाने कॉम्प्युटर आणले आणि दिवाळीनंतर ह्यांना नारळ दिला. तेव्हापासून या खोलीत जे चाललं होतं ते लिहीत नाही. ही डायरी त्याच ऑफिसची, कोरी राहिलेली. डाव्या पानावर घरखर्च मांडते. उजवं पान वाया जातं, म्हणून हे लिहिणं.

देवाकडे एकच मागितलं. ह्यांचं हे काम चालू दे. दुसऱ्यांदा नारळ मिळाला तर हे उठायचे नाहीत.

७ एप्रिल, सोमवार

पहिलं मोठं काम मिळालं. मीरा रोडला सुमन छाया नावाची चार मजली बिल्डिंग आहे, तिथे पहिल्या मजल्यावर चुरी राहतात. लालबागहून आलेले. शेजारचा ब्लॉक विकत घेतलाय, दोन्ही मिळून एक घर करायचंय. हे म्हणाले, "तूही चल. बायका मला खरं काय हवंय ते सांगत नाहीत."

स्वप्नील चुरी बँकेत, त्याची बायको रसिका शाळेत शिकवते, आणि घरात त्याची आई दुर्गाबाई. हे एकेकाला विचारत होते, सकाळी उठून पहिलं काय करता, पेपर कुठे बसून वाचता, पाहुणे आले की कोण कुठे झोपतं. स्वप्नील हसायला लागला. "काका, घर बांधताय की लग्न जमवताय?"

हे म्हणाले, "दोन्हीत नंतर बदलणं कठीण जातं."

रसिकाला स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधली भिंत नकोय. म्हणते, "मी आत फोडणी देते आणि सिरियलमध्ये कोण मेलं ते मला दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कळतं."

दुर्गाबाई म्हणाल्या, "पाडा हवी ती भिंत. माझे देव तेवढे ईशान्येला पाहिजेत. लालबागला जन्मभर मोरीच्या भिंतीला पाठ लावून बसलेत बिचारे."

हॉलच्या ईशान्येच्या कोपऱ्यात एक जाडजूड भाग पुढे आलेला आहे. हे म्हणाले, तिथे काही करता येणार नाही, देवघर पॅसेजमध्ये करू, तोंड पूर्वेलाच येईल. दुर्गाबाई उठून आत गेल्या. ते उठून जाणं ह्यांना कळलं नाही, मला कळलं.

२० एप्रिल, रविवार

स्वयंपाकघराची भिंत पाडली. हॉल एकदम मोठा दिसायला लागला. रसिकाने पेढे वाटले. मला मात्र बरं वाटलं नाही. स्वयंपाकघराला आडोसा हवा, अन्नपूर्णा अशी चव्हाट्यावर बसवू नये. ह्यांना म्हटलं, "घराचा आधार काढल्यासारखं वाटतंय."

"मंदा, ती चार इंची भिंत. नुसता आडोसा. तिच्यावर कसलाही भार नाही. मी वरच्या मजल्यावर जाऊन ठोकून बघितलंय, खालीही बघितलंय."

असेल. मॅट्रिक झालेल्या बाईला बांधकामातलं काय कळणार. पण मनात आलं ते लिहून ठेवते.

२४ एप्रिल, गुरुवार

गावाहून फोन आला. सासूबाई पडवीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. हे दुपारच्या एसटीने रत्नागिरीला गेले. चुरींची वास्तुशांत अक्षय्यतृतीयेला ठरली आहे, म्हणून मला इथेच ठेवलं. जाताना म्हणाले, "फरशी आणि रंग तेवढा राहिलाय. बशीर मिस्त्रीला सगळं सांगितलंय. तू रोज एक फेरी मार, आणि नवीन काही काढू देऊ नकोस."

"मी काय नवीन काढणार?"

हसले. एसटीच्या खिडकीतून हात केला.

२६ एप्रिल, शनिवार

साइटवर गेले तर दुर्गाबाई पॅसेजमध्ये पाटावर बसून रडत होत्या. सुनेच्या देखत बोलता येत नाही, म्हणून ती शाळेत गेल्यावर रडतात. म्हणाल्या, "मंदाताई, इथून माणसं संडासाला जाणार हो. देवाने काय तेच बघायचं?"

खरंच होतं ते. माझा जीव कळवळला.

मग मी त्या ईशान्येच्या कोपऱ्यापाशी उभी राहिले. राजापूरला माझ्या माहेरी चिऱ्याची भिंत, दीड हात जाड, आणि तिच्यात कोरलेली देवळी. आजोबांनी गवंड्याकडून नंतर कोरून घेतलेली. देव त्या भिंतीच्या कुशीत बसलेले, समईचा उजेड बाहेर येतो पण वारा आत जात नाही. हा कोपराही तसाच जाड, नुसता जागा अडवून बसलेला. दुर्गाबाईंना दाखवलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

बशीरने डोकं खाजवलं. "भाभी, साहब को पूछा?"

"साहब गाव में है. उनकी माँ बीमार है. मैं बोलती है ना. भगवान का काम है."

"भगवान का है तो मैं ना कैसे बोलूँ," म्हणाला आणि छिन्नी घेतली.

ह्यांना फोन करावा असं एकदा मनात आलं. पण आईच्या उशाशी बसलेल्या माणसाला देवळीचं काय विचारायचं. शिवाय, सांगू का, एकदा तरी माझ्या मनातलं काही ह्यांनी काढलेल्या घरात असावं असं वाटलं.

२९ एप्रिल, मंगळवार

देवळी झाली! वीतभर खोल, वर कमान. आतलं काँक्रीट इतकं कडक की दोन छिन्न्या बोथट झाल्या. आत बोटासारख्या उभ्या सळ्या होत्या, मूर्ती मागे सरकवताना मधे येत होत्या, त्या बशीरने ब्लेडने कापून काढल्या. उरलेला संगमरवर बाथरूमच्या उंबऱ्याचा होता, तोच लावला, नवीन आणला नाही. दुर्गाबाईंनी फुलं ठेवून बघितली. माहेरची आठवण येऊन माझे डोळे भरले.

३ मे, शनिवार

हे सकाळी आले. सासूबाईंना आता धाकट्या जाऊबाई बघतील. दुपारी साइटवर गेलो. मी देवळीचं एक अक्षर सांगितलं नव्हतं. दारातच ह्यांना डोळे मिटायला लावले, हाताला धरून कोपऱ्यापर्यंत नेलं आणि उघडा म्हटलं.

ह्यांनी डोळे उघडले. आत हात घालून मागची बाजू चाचपली. मग छताकडे बघितलं. मग परत आत.

"सळ्या होत्या?"

"होत्या ना. मधे येत होत्या. कापल्या."

"किती?"

"पुढच्या सगळ्या."

तेवढ्यात दुर्गाबाई घासलेली समई घेऊन आल्या. म्हणाल्या, "शेट्ये, तुमच्या बायकोने माझ्या म्हातारपणाचं सोनं केलं." हे माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "छान झालंय, मंदा."

लग्न झाल्यापासून माझ्या एखाद्या कामाला हे छान म्हणाले, ते आज पहिल्यांदा.

अक्षय्यतृतीया, ४ मे

वास्तुशांत उत्तम झाली. गुरुजींनीसुद्धा देवळी बघून विचारलं, कुणाची कल्पना. रसिकाने सगळ्यांसमोर माझं नाव सांगितलं. हे पंगतीला बसले नाहीत. प्रवासाने पोट बिघडलंय म्हणाले. पाहुणे नाचावे तसे हॉलभर फिरत होते आणि हे त्या कोपऱ्यापाशी पाठ लावून उभे.

१४ मे, बुधवार

ह्यांचं काय चाललंय कळत नाही. तिसऱ्यांदा चुरींकडे जाऊन आले. देवळीला आतून लोखंडी चौकट बसवतो म्हणतात, आठवडाभर देव दुसरीकडे ठेवा. स्वप्नील म्हणतो, आत्ताच रंग झालाय काका, दिवाळीत बघू. दुर्गाबाई तर ऐकेचनात. मला विचारलं, तर मीही स्पष्ट सांगितलं, प्रतिष्ठा झालेले देव असे हलवू नयेत. घराला लागतं.

हे म्हणाले, "मंदा, तू तरी माझ्या बाजूने बोल."

"कशासाठी पण? तुम्हीच छान म्हणालात ना?"

पुरुषांचं हे असंच. बायकोचं कौतुक झालं की त्यात आपली एक चौकट बसवायची.

८ जून, रविवार

राई गावच्या एका माणसाचं बंगलीचं काम आलं होतं, ह्यांनी नको म्हटलं. आलेली लक्ष्मी परत पाठवतात, म्हणून मी दिवसभर बोलले नाही.

संध्याकाळी सुमन छायातले काशीनाथराव आले. चुरींच्या बरोबर वरच्या ब्लॉकमध्ये राहतात, बसचे रिटायर्ड कंडक्टर. म्हणाले, "शेट्ये, तुमच्या ठोकाठोकीपासून आमच्या बेडरूमचं दार घट्ट झालंय. परवा बायको आत अडकली. मला तासभर शांतता मिळाली, पण रोज परवडायची नाही."

मी हसले. ह्यांच्या हातातला पेला तिथेच राहिला. तसेच उठून त्यांच्याबरोबर गेले, चपला उलट्या घालून.

२२ जून, रविवार

देवळीच्या संगमरवराला चीर गेली. खाली पांढरी पूड पडते म्हणतात. दुर्गाबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "रसिका विटाळ पाळत नाही हो. तशीच देवाला शिवली असणार." मला तेच वाटलं होतं. अभिषेक करायला सांगितला. मीही आजपासून रोज एक माळ जप वाढवला आहे.

ह्यांना सांगितलं तर हे चटकन उठले. म्हणाले, "चुरींना त्या घरातून बाहेर काढायला हवं." विटाळासाठी घरातून बाहेर काढायचं? असं आमच्या सासूबाईसुद्धा बोलल्या नसत्या.

३ जुलै, गुरुवार

ह्यांनी स्वतःहून एक इंजिनियर आणला. मीही गेले होते. इंजिनियरने हातोडीने देवळीच्या बाजूला ठोकलं तर प्लास्टरचा मोठा तुकडा निघून पडला. दोघे इंग्रजीत बोलायला लागले. ह्यांना इंग्रजी बोलायला आवडत नाही, पण आज बोलत होते. मला म्हणाले, "खाली जाऊन चहा सांग."

चहा सांगून आले तर बशीर जिन्यात बसलेला. मला बघून उठला. "भाभी, वो कोने में हम लोगों ने..."

"बशीर!" हे वरून ओरडले. "एक लफ्ज़ नहीं."

मिस्त्रीवर असं ओरडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर विचारलं, नेमकं झालंय काय. हे तोंड धूत होते, पाठमोरे. म्हणाले, "किचनची भिंत. तिच्यावर भार होता. माझा अंदाज चुकला. तू सांगत होतीस, तेच खरं होतं."

मी म्हणाले होते! वीस एप्रिलचं पान उघडून बघितलं, लिहिलेलं आहे. मला कळलं होतं आणि ह्यांना कळलं नाही.

५ जुलै, शनिवार

पालिकेची नोटीस आली. सगळी बिल्डिंग रिकामी करायला लावली. चुरींच्या हॉलमध्ये त्या कोपऱ्याभोवती लोखंडी टेकू उभे केलेत, इतके की देवळी दिसतही नाही. देव दुर्गाबाईंनी टोपलीत घेतले.

ह्यांना विचारलं, "भिंत तर तिकडची पाडली, मग टेकू या कोपऱ्यात कशाला?"

"भार तिकडे सरकतो."

असेल. पण <s>मग देवळीच्या मागे त्या सळ्या</s>

मला त्यातलं कळत नाही.

लोक पावसात सामान काढत होते. कुणी फ्रीज ताडपत्रीत बांधून, कुणी गॅस खांद्यावर. काशीनाथरावांची बायको जिन्याच्या पायरीवर बसून राहिली, उठेचना. "मी नाही जात. माझं दार आता उघडतं, ह्यांनी तासून दिलंय." शेवटी दोघींनी धरून उतरवलं. एका तरुण मुलाने ह्यांची कॉलर पकडली. हे हात खाली सोडून उभे राहिले. मी मधे पडले तर तो मुलगा म्हणाला, "मावशी, तुम्ही बाजूला व्हा, तुमचं काही नाही यात."

१७ जुलै, गुरुवार

पोलिसात जबाब झाला. ह्यांनी सगळं स्वतःवर घेतलं. वकील म्हणत होता, मिस्त्रीने परस्पर केलं असं सांगा, निम्मा भार हलका होईल. ह्यांनी ऐकलं नाही. उलट बशीरला तिकीट काढून गावी पाठवून दिलं. जाताना तो दारात येऊन माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. तो का रडत होता कळलं नाही, सुटला तर तोच.

ह्यांना जामीन मिळाला, शहाबेनच्या मिस्टरांनी दिला. दारावरची पाटी ह्यांनीच काढली. स्क्रू एका पुडीत बांधून ठेवले. मी म्हटलं, ठेवा, पुढे लागतील. हे म्हणाले, "नाही लागणार."

१० ऑगस्ट, रविवार

इंजिनियरचा अहवाल आला. बिल्डिंग मुळातच खाडीच्या वाळूची, आतलं लोखंड गंजलेलं, कशीबशी उभी होती. आता एका जागी बसली म्हणजे सगळीच गेली. दुरुस्ती होणार नाही. पाडणार.

आज मी नको ते बोलले. लिहिते, कारण लिहिलं नाही तर बोललेच नाही असं मन म्हणायला लागेल. म्हणाले, "सोळा घरं तुम्ही रस्त्यावर आणलीत. मी एवढं घसा फोडून सांगत होते, भिंत पाडू नका. बाईचं कशाला ऐकायचं? तुम्हाला त्या पोरीची वाहवा हवी होती."

हे डाळ निवडत बसले होते. हल्ली घरातलं काहीतरी हातात घेतात. मान वर न करता म्हणाले, "हो."

नुसतं हो. भांडले असते, पेला फेकला असता, तर बरं वाटलं असतं. मग मीच म्हटलं, "त्या घरात एक देवळी तेवढी चांगली झाली होती."

ह्यांच्या हातातलं सूप तिरकं झालं आणि डाळ सांडली. दोघांनी मिळून एकेक दाणा वेचला.

गणेशचतुर्थी, ३१ ऑगस्ट

गावी गेलो नाही. कोणत्या तोंडाने जायचं. दीर फोनवर म्हणाला, वहिनी, दादाला सांभाळा. कसं सांभाळायचं असतं ते कुणी सांगत नाही. पानसुपारी देवासमोर मांडली आणि मातीच्या गणपतीची आठवण काढून आरती म्हटली. हे टाळ्या वाजवत होते, पण ओठ हलत नव्हते.

माणसाचा देवावरचा विश्वास उडाला की काय उरतं? ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. रेल्वेच्या पुलावरून जाताना हे कठड्याला हात लावून थांबतात. मी हात धरून पुढे नेते. भाजी आणायलाही एकटं सोडत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

सुमन छाया पाडली. बघायला जाऊ नका म्हटलं तरी गेले. मीही मागोमाग. लोक रस्त्याच्या पलीकडे उभे होते. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी बेडरूमचा गुलाबी रंग रस्त्यावरून दिसत होता. आपलं आतलं असं उघडं पडल्यावर बायका पदर तोंडाला लावतात, तसा एकीने लावला होता. दुर्गाबाई दिसल्या. मी पुढे गेले, तर त्यांनी मान फिरवली. वाटलं, ह्यांच्यामुळे मलाही तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

आमची खोली विकून जे आलं ते ह्यांनी सोसायटीला दिलं. वकील म्हणाला, असा वेडेपणा करू नका. परवापासून आम्ही मुर्ध्याला भाड्याने आलो आहोत, गोदूबाईंच्या मागच्या खोलीत. खिडकीतून मिठागराची पडीक जमीन आणि खाडी दिसते. सगळी भांडी खाऱ्या वाऱ्याने काळी पडतात. डावं पान आता रिकामंच राहतं. मांडण्यासारखं काही नसतं.

दसरा, ५ ऑक्टोबर

गोदूबाई कोळंबी सोलता सोलता ह्यांना म्हणाल्या, "दादा, पोराचा लगीन हाय. पुढं दोन खोल्या काढायच्या हायेत. तू कागद काढून दे. भाडा नको देव मग."

माझ्या जीवात जीव आला. देवानेच दार उघडलं म्हणायचं. हे म्हणाले, "नाही मावशी. मला येत नाही ते."

"येत न्हाय कसा? तुजी बायको सांगते, तू फोर्टात व्हतास."

"विसरलो."

आणि खरंच, आत येऊन हे पेन्सिल कशी धरायची ते आठवत असल्यासारखे बोटांकडे बघत बसले. बर्फाच्या कारखान्यात पहाऱ्याला जातात आता. तिथे खुर्ची देतात म्हणे. मला वाटतं, ह्यांचं बसणं आता त्या खुर्चीतच व्हायचं. पाडव्याला देवाकडे मागितलं होतं ते उलटं झालं. दुसरा नारळ ह्यांनी आपल्या हाताने स्वतःला दिला.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज काशीनाथराव आले. विरारहून, पुतण्याच्या घरून. दारात उभं राहून म्हणाले, "शिव्या द्यायला आलो नाही. त्या संपल्या. एक विचारायचंय."

ह्यांनी चटई टाकली. मी आत चहा ठेवला. एकच खोली आणि मधे साडीचा पडदा, सगळं ऐकू येतं.

"शेट्ये, त्या घरासाठी मी जन्मभर उभा राहिलो, बसमध्ये. बसायला म्हणून घेतलं होतं. माझी बायको अजून पुतण्याच्या घरी पिशवी भरून दाराशी बसते. मला फक्त एवढं सांगा, तुम्ही पिलरला हात कसा लावलात? ती चार इंची भिंत पाडायच्या आधी तुम्ही माझ्या घरी येऊन गुडघ्यावर बसून फरशी ठोकलीत. असा माणूस पिलर कोरतो?"

"चुकलं, काका."

"तो बशीर परत आलाय. स्टेशनबाहेर भेटला मला. तो वेगळंच सांगतो."

"मिस्त्रीचं काय ऐकता. जबाब माझा आहे, सही माझी आहे."

मला राहवलं नाही. चहा घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "काका, पिलर नव्हे हो. स्वयंपाकघराची भिंत. मी तेव्हाच ह्यांना सांगत होते. माझं ऐकलं असतं तर आज तुमची बिल्डिंग उभी असती."

काशीनाथराव माझ्याकडे बघत राहिले. मग ह्यांच्याकडे. ह्यांनी एरवी कुणाकडे मान वर करून बघायचं सोडलंय, पण आज म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघत होते, भीक मागणारा बघतो तसे. चहावर साय धरली.

मग काशीनाथराव म्हणाले, "हो वहिनी. भिंतच. आमच्यासारख्याला काय, सगळे पिलरच वाटतात." सायीसकट चहा प्यायले. चहा चांगला झालाय म्हणाले. उठताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. "जपा," म्हणाले. कुणाला ते कळलं नाही.

रिक्षापर्यंत पोचवून हे परत आले. मला वाटलं, माझा जप फळाला आला. ज्याचं घर गेलं तो म्हातारा माफ करून गेला आणि मी त्यांची बायको असून अजून मनात धरून बसलेय. ताट वाढलं आणि ह्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "अहो, ऐका. जे झालं ते झालं. मी तुम्हाला माफ केलं. अगदी मनापासून."

हे घास हातात धरून माझ्याकडे बघत होते. इतक्या प्रेमाने कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "बरं झालं, मंदा. आता तू मनाला लावून घेऊ नकोस." आणि ताटावरून उठून खाडीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मी दारातून लक्ष ठेवून होते.

ते आत आल्यावर मी देवापुढे बसले. पदर पसरला आणि सांगितलं, ह्यांच्या हातून घडलं त्याचं पाप आता ह्यांच्या माथी ठेवू नकोस. ते सगळं माझ्या नावावर मांड.